स्थळानं दगड चाटला

राजारामपुरी, कोल्हापूर
१३ जानेवारी २०२५

अक्का,

जय जिनेंद्र. बाकीचे नमस्कार तूर्त राहू देत, मी तुझ्यावर भडकलोय. फोनच करणार होतो, पण तुला फोनवर काय बी ऐकू येत न्हाय आणि मी ओरडलो की सगळ्या गल्लीला ऐकू जातं. ही गोष्ट गल्लीला कळण्यासारखी न्हाय. म्हणून लिहून गुंडू दूधवाल्याच्या टेम्पोतनं धाडतोय.

तू आदितीला बघायला पाठवलेल्या त्या चौगुल्यांच्या अनेकांतनं काल माझ्या हॉलमध्ये सोफ्यावर बसून दगड चाटला.

व्हय, दगड. जिभेनं.

पहिल्यापासनं सांगतो. अकराच्या सुमारास आला. एकटाच. ना आई, ना बाप, ना मामा. मोटारसायकल, पाठीवर सॅक. त्रिशला कानात म्हणाली, हल्लीची मुलं अशीच येतात, साधी असतात. म्हटलं असू दे. सॅक खाली ठेवली तर ठण्णकन आवाज. आत हातोडी! अक्का, मुलगी बघायला जाताना माणूस पेढे नेतो. हातोडी कोण नेतं?

पोहे खाल्ले, परत मागून घेतले. शिक्षण विचारलं, एम.एस्सी. भूगर्भशास्त्र. नोकरी, भूजल खात्यात. व्यसन न्हाय. घर स्वतःचं. त्रिशलानं रक्तगट विचारला, तो बी सांगितला. सगळं सरळ. फक्त दर प्रश्नाला असा चमकून बघायचा, जणू मी त्याला बसच्या तिकिटासाठी जन्मदाखला मागतोय.

आदिती चहा घेऊन आली. नवीन साडी, केस मोकळे. ह्यानं कप उचलला आणि म्हणाला, "थँक्यू ताई."

ताई!

मग टीपॉयवरचा दगड हातात घेतला. तोच, तुझ्या माळावरचा, मी दिवाळीत आणलेला. त्या माळावर खाण काढू म्हणून मी तेव्हापासनं तुझ्या मागं लागलोय, आणि खाणींचा एजंट सम्राट डोळे झाकून सांगतोय की हा एक्स्पोर्टचा काळा ग्रॅनाइट हाय. तर ह्या दिवट्यानं खिशातनं भिंग काढलं, "पाणी मिळेल का जरा?" म्हणाला, आणि त्रिशला पाणी आणेपर्यंत दम निघाला न्हाय म्हणून दगडाला जीभ लावली. भिंगातनं बघितलं. त्रिशला तांब्या घेऊन दारात तशीच उभी. तिनं कसंबसं विचारलं, "काय वाटलं मग?"

म्हणाला, "अगदी कॉमन हो. आपल्या जिल्ह्यात कुठंही हात घाला, हेच मिळतंय."

पोरगी समोर ट्रे घेऊन उभी होती, अक्का! आदितीनं ट्रे आदळला आणि आत गेली. वर मला सांगतो, "काका, हा ग्रॅनाइट न्हाय. बेसाल्ट हाय. आपला साधा काळा दगड." माझ्या दुकानाच्या पाटीवर फूटभर अक्षरांत ग्रॅनाइट लिहिलंय! मी उठून दार दाखवलं. तर जाता जाता खाली वाकून म्हणतो, "हा उंबरा पण बेसाल्टच."

असलं स्थळ कुठल्या दुकानातनं आणलंस?

तुझा,
श्रेणिक

*

हातकणंगले
१६ जानेवारी

श्रेण्या,

आशीर्वाद हाईतच, पण रागावलेल्या माणसाला लागू पडत न्हाईत. राग उतरला की वापर.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा समजायला, एकदा हसायला. पोरानं दगड चाटला तर काय आभाळ कोसळलं? तुझे दाजी उभा जन्म तंबाखू चघळत होते, त्यांना कुणी दार दाखवलं न्हाय. आणि दोनदा पोहे खाल्ले म्हणजे त्रिशलाच्या हाताचं तिखट पचवलं. तेवढ्यावरच मी पोरगा पसंत केला असता.

आता मला एक नीट लिही. दगडाबद्दल तो नेमकं काय म्हणाला? ग्रॅनाइट न्हाय म्हणजे न्हायच म्हणाला, का तपासून सांगतो म्हणाला? सम्राटला तू ते सांगितलंस का? त्यावर त्याचं तोंड कसं झालं? मुलीचं नंतर बघू, मुलगी काय पळून जात न्हाय.

आदितीनं गुंडूच्या हाती चिठ्ठी धाडलीती. त्या पोराचा नंबर दे, मला त्याला झाडायचंय, असं लिहिलंतं. दिला. पोरीनं मनातला राग मनात ठेवू नये.

म्हैस व्यालीय. खरवस धाडतीय, डबा परत दे.

अक्काताई

*

राजारामपुरी
२७ जानेवारी

अक्का,

खरवस चांगला होता. डबा त्रिशलानं ठेवून घेतलाय, तिच्याशी तूच भांड.

मुलीच्या लग्नापेक्षा तुला दगडाची काळजी जास्त, ह्याचं मला नवल वाटलं. पण मीबी डोक्यात घेतलंय. त्या पोराला पुराव्यानिशी खोटं पाडायचं. चांगलं भिंग आणलं. दुकानात खऱ्या ग्रॅनाइटची लादी घेतली, शेजारी तुझ्या माळावरचा तुकडा ठेवला आणि शटर अर्धं ओढून बसलो.

ग्रॅनाइटच्या लादीत नुसत्या डोळ्यांनी दाणे दिसतात. पांढरे, गुलाबी, मधेच काळे, शेव-चिवड्यासारखे. तुझ्या दगडात दाणे दिसत न्हाईत. भिंगातनं बी न्हाईत. भिंग खराब असावं म्हणून बदलून आणलं. दुसरं बी खराब निघालं.

पाणी लावून बघितलं. जरा बरं दिसतं, हे कबूल. एकदा फक्त चाटून बघितला. दुकानात कुणी न्हवतं.

तुकडा हाताला जड हाय. रंग सगळीकडं एकच, काळा-करडा. एका बाजूला बारीक भोकं हाईत, जाळीच्या डोशासारखी, आणि काही भोकांत पांढरं काहीतरी भरलंय. हे सगळं सम्राटला विचारलं. तो हसला. म्हणाला, "शेठ, ह्यो कवळा ग्रॅनाइट हाय. पॉलिश केल्यावर दाणे उघडत्यात." मला पटलं. म्हणजे पटवून घेतलं. सात तारखेला तो ड्रिलिंगचं मशीन घेऊन माळावर येणार हाय. तू काय काळजी करू नको, फक्त त्या लोकांना चहा दे. विहिरीच्या वरच्या अंगापासनं सुरू करायचं म्हणतोय.

आदिती सध्या भलतीच खुशीत असते. क्लिनिकमधनं आल्यावर गच्चीवर जाऊन फोनवर बोलते. झाडणं दोन आठवडे चालू हाय, पोरीचा राग माझ्यावर गेलाय. येत्या रविवारी मोनाला घेऊन तुझ्याकडं येणार म्हणते. मैत्रिणीला शेत बघायचंय म्हणं.

तुझा,
श्रेणिक

*

हातकणंगले
४ फेब्रुवारी

श्रेण्या,

आदिती येऊन गेली. मैत्रीण बी आलती. मैत्रिणीला दाढी हाय.

लगेच उठून मोटारीची किल्ली शोधू नको. पोरं दिवसाढवळ्या आली, माझ्या डोळ्यांसमोर होती, आणि सगळा वेळ दगडावरच बोलत होती. मला तर काळजी वाटली, की तरण्या पोरांना दुसरा विषय सुचत न्हाय का. मी पुढ्यात बसलेली असल्यामुळं मोठ्यानं बोलावं लागायचं त्यांना. त्यामुळं मलाबी सगळं ऐकू आलं.

आदितीनं त्याला विचारलं, "ग्रॅनाइट न्हाय हे तू इतकं छातीठोक कसं सांगतोस?" आमच्या खालच्या अंगाला गुऱ्हाळ चालू हाय. तिथनं काहिलीत उकळणाऱ्या रसाचा वास येत होता. अनेकांत म्हणाला, "काहिलीतला पाक थंड जागी ओतला तर झटकन आळतो. दाणा धरायला त्याला सवडच मिळत न्हाय. खडीसाखरेला मात्र निवांत वेळ द्यावा लागतो, तेव्हा कुठं मोठे खडे धरतात. हा दगड जमिनीवर वाहून आला आणि भराभर थंड झाला, म्हणून ह्याचे दाणे डोळ्यांना दिसत न्हाईत. ग्रॅनाइट जमिनीच्या पोटात लाखो वर्षं हळूहळू थंड होतो, म्हणून त्याचे दिसतात."

आदिती म्हणाली, "म्हणजे एकाच उसाचे दोन?"

तो म्हणाला, "न्हाय, रसबी वेगळा. ह्याच्यात लोखंड जास्त, म्हणून काळा आणि जड. ग्रॅनाइटच्या रसात गारगोटी जास्त, म्हणून तो उजळ."

मग मी विचारलं, भोकं कसली? म्हणाला, "रस उकळता होता, त्यातनं वाफा निघत होत्या. वरचा थर आळला तेव्हा बुडबुडे आतच अडकले. नंतर त्यांत पाणी झिरपलं आणि पांढरे खडे धरले." एका गोट्याला त्यानं हातोडीनं हळूच टोकलं, तर कांद्यासारखे पापुद्रे सुटले. आपल्यात कांदा चालत न्हाय, दगडाला चालतो वाटतं. असले थरावर थर, म्हणाला, अख्ख्या महाराष्ट्रभर पसरलेत. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमीन फाटली आणि रस वाहत राहिला, कुणी थांबवायला न्हवतं.

आदितीनं एक तुकडा उचलला, इकडं-तिकडं बघितलं आणि चाटला. म्हणाली, "खारट हाय." तो म्हणाला, "तो तुझ्या हाताचा घाम." मग दोघं एवढी हसली की म्हशी उठून उभ्या राहिल्या.

आता कामाचं. विहिरीत उतरून त्यानं कडा बघितल्या. पाणी त्या भोकांच्या आणि भेगांच्या थरातनंच येतंय. वरच्या अंगाला सुरुंग लावले तर पाणी कुठल्या भेगेनं कुठं निघून जाईल त्याचा नेम न्हाय. ह्या विहिरीवर माझा ऊस हाय, बायडाबाईची भाजी हाय, आकारामाची जनावरं हाईत. तेव्हा सात तारखेला मशीन आणू नको. चहाबी मिळणार न्हाय.

अक्काताई

*

राजारामपुरी
९ फेब्रुवारी

अक्का,

मशीन आलं न्हाय हे तू बघितलंसच. मी थांबवलं. तुझ्यामुळं न्हाय, उगीच फुशारू नको. ते पुढं सांगतो. आधी तुझं प्रकरण.

दाढीवाल्या मैत्रिणीबद्दलचं तुझं पत्र वाचून मी तसाच निघालो आणि हातकणंगल्यात चौगुल्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. तुझ्याकडं मुद्दाम आलो न्हाय. अनेकांतचे वडील पडवीत भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. मी म्हटलं, "आम्ही तुमच्या मुलाला नकार दिलाय. मुलगी नापसंत करून गेलेल्या माणसानं परत तिच्याबरोबर हिंडायचं म्हणजे काय?"

त्यांनी शेंग खाली ठेवली. "कसला नकार?"

"स्थळाचा."

"कुठलं स्थळ? अक्काताई म्हणाल्या, भावाकडं दगड हाय, जरा बघून ये. म्हणून पोरगं गेलतं. परत आलं ते म्हणालं, बाबा, माणसं लई चांगली हाईत, पोहे दिले, पण दगड दाखवायच्या आधी माझा रक्तगट विचारला."

अक्का! मला भुईनं पोटात घ्यावं असं झालं. तो मुलगी बघायला आलाच न्हवता! हातोडी त्याची बरोबर होती, पोहे आमचे चुकले होते. आणि ते "अगदी कॉमन" दगडाला होतं! आदितीला हे पहिल्या फोनलाच कळलंतं. महिनाभर गच्चीवर जाऊन हसत होती बापाला. चौगुल्यांनी मला शेंगा खायला घातल्या आणि स्वतः तोंडावर टॉवेल धरून आत गेले. आतनं त्यांच्या बायकोचं हसू ऐकू आलं.

आता सम्राटचं. त्या रागातच मी तुझ्या माळावरचा मोठा गोटा उचगावला नेला, कापून पॉलिश करून घेतला. दाणे उघडले न्हाईत. काळं कुळकुळीत, वर पांढरे ठिपके. मशीनवाला म्हणाला, "आतनं बी तसाच हाय शेठ, अजून किती उघडू?" मग मी माझ्या दुकानामागच्या गटारीच्या कडेचा एक दगड उपटला, धुतला, आणि सम्राटपुढं ठेवला. म्हटलं, "माळाच्या दुसऱ्या टोकाचा." त्यानं वळवून वळवून बघितला. म्हणाला, "शेठ, ह्यो तर पयल्यापेक्षा भारी. ह्यो थेट इटलीला जाणार."

मी म्हटलं, "ने मग. गटार उघडीच हाय, आत अजून भरपूर हाय."

गेला. परत फोन न्हाय.

पण अक्का, तू मला फसवलंस. तुला माळ द्यायचा न्हवता तर सरळ 'न्हाय' म्हणायचं होतंस. माझ्या पोरीला कशाला मधे घातलंस?

श्रेणिक

*

हातकणंगले
१२ फेब्रुवारी

श्रेणिक,

मी तुला लिहिलंतं, "चौगुल्यांचा अनेकांत रविवारी बघायला येतोय, पोहे कर." काय बघायला, ते तू विचारलं न्हाईस. घरात लग्नाची पोरगी आणि टीपॉयवर दगड, दोन्ही होतं. तू आपल्या सोयीचं घेतलंस. मी दुरुस्त केलं न्हाय, एवढंच. दुरुस्त केलं असतं तर त्या पोराला तू दारातनंच घालवला असतास. भूजलवाला माणूस दगड तपासायला येतोय म्हटल्यावर तू त्याला पोहे दिले असतेस का?

आणि 'न्हाय' म्हणायचं म्हणतोस. मी म्हणाले होते. दिवाळीत, फराळाच्या ताटावर, तुझ्या तोंडासमोर. तू त्याचं "बघू" ऐकलंस. ऐकू मला कमी येतं का तुला?

आता एकदा सांगते, परत सांगणार न्हाय. तुझे दाजी गेल्यापासनं त्या माळाचं काय करायचं हे मला सगळे सांगतात. पुतण्या म्हणतो पोल्ट्री घाल. सरपंच म्हणतात मोबाइलचा टॉवर बसवा. तू म्हणतोस खाण काढ. म्हणजे मी तिथं काहीच करत न्हाय असं सगळ्यांनी धरलंय. मी रोज जाते रे तिथं. म्हशी सोडते आणि बसते. घरात, देवळात, लग्नात माणसं माझ्याशी बोलायला कंटाळतात, एक वाक्य तीनदा म्हणावं लागतं म्हणून. माळावर कुणाला काय तीनदा म्हणायचं न्हाय. दगडावर तळवा ठेवला की ऊन कळतं, वारा अंगाला कळतो. मला तेवढं पुरतं.

त्या पोरानं आणखी एक सांगितलं. खालच्या शेतातली काळी माती म्हणजे हाच दगड, ऊन-पावसानं कुजलेला. आधी मुरूम होतो, मग माती. म्हणजे आजवर आपण ऊस, शेंगा, ज्वारी जे काय खाल्लं ते ह्याच साध्या दगडातनं आलेलं. त्याला ग्रॅनाइट म्हणून इटलीला धाडायला निघालातास.

पोरीचं मात्र माझ्या ध्यानीमनी न्हवतं. शपथ घे म्हणलास तर घेते. मी दगड बघायला पाठवला, त्यानं पुढं काय बघितलं ते माझ्या हातात न्हाय. आता आदितीला विचार. सांगू नको, विचार. आणि ती बोलायला लागली की मधे बोलू नको.

अक्का

*

राजारामपुरी
१० मार्च २०२५

ती. अक्काताईस,

साष्टांग नमस्कार. ह्यावेळी खरोखर.

तुझ्या पत्रानंतर बरेच दिवस लिहायला बसलो न्हाय. शेवटी आदितीला विचारलं. मधे बोललो न्हाय. त्रिशलानं माझा हात दाबून धरलाता, म्हणून जमलं. पोरगी म्हणाली, "पप्पा, मला तो आवडतो. पहिल्या दिवशी त्याला झाडायला फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाला, सॉरी, मी तुमच्याकडं नीट बघितलंच न्हाय, तुमच्या हातात ट्रे होता एवढंच आठवतंय. इतका खरा माणूस मी बघितला न्हाय."

काल चौगुले मंडळी रीतसर आली. आई, बाप, मामा, पेढे, नारळ. अनेकांत नव्या शर्टात. ह्यावेळी कशासाठी आलोय हे माहीत असल्यामुळं त्याची वाचाच बसली. त्रिशलानं नाव विचारलं तर आईकडं बघायला लागला. पोह्यांना हात लावेना. मला दया आली. म्हटलं पोराला जरा मोकळं करावं. विचारलं, "काय रे, खडकाच्या दोन थरांमधे तो लाल पट्टा दिसतो, तो कशाचा?"

झालं. फुटलं धरण. दोन रसांच्या मधे मोठा काळ गेला, तेवढ्यात जुन्या थराची माती झाली, आणि वरनं नवीन रस येऊन ती वीट भाजावी तशी भाजून निघाली! अक्का, खालची जमीन झाडाझुडपांनी जगून-बिगून तयार केलेली, आणि वरनं पुन्हा पहिल्यापासनं सुरुवात. मी पुढं सरकून बसलो. त्यानं पेढ्यांच्या खोक्यावर चित्र काढलं. मी विचारत गेलो, तो सांगत गेला. चहा गार झाला, त्याचे मामा डुलकी घेऊन उठले. शेवटी आदिती मधे येऊन उभी राहिली आणि म्हणाली,

"पप्पा, हा मला बघायला आलाय का तुम्हाला?"

सगळं घर हसलं. दोघांना गच्चीवर धाडलं. खाली आली ती ठरवूनच.

आता तुला एक विचारायचंय. साखरपुडा माळावर करावा असं पोरांच्या मनात हाय. मी त्यांना म्हटलं, जागा माझी न्हाय, अक्काची हाय, तिला विचारावं लागेल. न्हाय म्हणालीस तर इथं राजारामपुरीत हॉल बघतो, मनात काय आणणार न्हाय. जे असेल ते कळव.

तुझा धाकटा,
श्रेणिक

*

हातकणंगले
१२ मार्च

चि. श्रेणिकास पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र गुंडूनं दिलं तेव्हा मी माळावरच होते. तिथंच वाचलं. चष्मा दोनदा पुसावा लागला, वारा सुटलाता.

व्हय. करा.

पण मांडववाल्याला आधी सांगून ठेव, तिथं खांबाला खड्डे पडत न्हाईत. पहार वाकते. वाळू भरलेले डबे आणू दे आणि त्यांत बांबू उभे करू दे. माणसं मोजकी बोलव. विहिरीचं पाणी प्यायला चांगलं हाय, बाटल्या आणून कचरा करू नका. बायडाबाईला आणि आकारामला आमंत्रण तू स्वतः येऊन द्यायचं.

दुपारचा मुहूर्त धरू नको, दगड तापलेला असतो. दिवस कलल्यावर धरा. तेव्हा त्याचा चटका जातो, ऊब तेवढी राहते, बसायला लई बरं वाटतं. त्या दिवशी सगळ्यांच्या आधी ये. थोडा वेळ आपण दोघं बसू. बोललं पाहिजे असं काय न्हाय.

अक्का